गाडीचा खांदा

आमच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाद रंगतात ते बहुतेक बदल्यांवरून नाहीतर मोबाइलवरून. गेल्या महिन्यात मात्र एक वाद गाड्यांवरून रंगला. विज्ञान शिकवणाऱ्या तरुण सरांना गाडी घ्यायची आहे, आणि घ्यायच्या आधी ते इतकं वाचतात की तेवढं मुलांनी वाचलं असतं तर आमची अर्धी शाळा डॉक्टर झाली असती. त्यांचं म्हणणं असं की, ज्या गाडीच्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, ती गाडी कामाची, पण तिच्यात मजा नाही. मजा मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीतच. गणिताचे सर म्हणाले, मजा पेट्रोल कमी पिण्यात असते, चाक पुढचं का मागचं याच्यात नसते. मग दोघं माझ्याकडे वळले. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या आहेत हे त्यांना माहीत होतं.

"मॅडम, तुम्हीच सांगा. पुढची का मागची?"

मी म्हटलं, "डबे आवरा, घंटा होईल आता."

उत्तर येत नव्हतं असं नाही. पण माझ्या उत्तराची सुरुवात बाबांपासून होते, आणि हातात मेथीची भाजी असताना चार माणसांत बापाविषयी बोलायला बसलं की डबा तसाच राहून जातो. म्हणून तिथे बोलले नाही. इथे सांगते.

आमचं गाव आदिलाबादकडचं, बाजारहत्नूरच्या बाजूला. बाबा भाजीवाले, म्हणजे भाजी पिकवणारे आणि स्वतःच बाजारात नेऊन विकणारे. वांगी, टमाटे, पावसाळ्यात दोडके. इंद्रवेल्लीचा बाजार त्यांचा ठरलेला. मी लहान असताना ही भाजी बैलबंडीतून जायची. पुढे बैलांतला एक म्हातारा होऊन मेला, दुसऱ्याला जोड मिळेना, आणि बाबांनी तो विकून, त्यात भर घालून एक जुनी जीप आणली. आईचं मत असं की घरात एक पोरगी पोसायची असताना वर ही म्हातारी कशाला आणली. जीप आली तेव्हाच तिचे दोन्ही दिवे वेगवेगळ्या दिशेला पाहत होते.

आता पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू खांद्यावर असतं, तिथलं कातडं कडक झालेलं असतं. तूप कोमट करून त्यात हळद घालायची, पळसाच्या पानाने ते खांद्यावर चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. बाबा हे अगदी मनापासून करायचे. म्हातारा बैल शेवटी शेवटी जुंपायच्या लायकीचा राहिला नव्हता, गोठ्यात उभा राहून नुसती वैरण खायचा, तरी आधी त्याचे खांदे मळायचे आणि मग दुसऱ्याचे.

बैल गेले त्या वर्षीही आईने सवयीने तूप-हळदीची वाटी भरली. बाबांनीही ती सवयीने घेतली आणि गोठ्यात गेले. गोठ्यात जीप उभी. मला वाटलं, आता वाटी घेऊन परत येतील आणि डोळे पुसतील. पण ते जीपभोवती एक चक्कर मारून मागच्या बाजूने खाली वाकले, मग सरळ पोत्यावर आडवे होऊन आत सरकले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक मोठा गोळा असतो. इंजिनाची ताकद लांबच्या दांड्याने तिथपर्यंत येते आणि तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. त्या गोळ्यावरचा चिखल त्यांनी खरवडला आणि पळसाच्या पानाने तूप-हळद लावली.

आई दारातून म्हणाली, "आता तिच्या कानात बी सांगा म्हणजे झालं."

बाबा खालूनच म्हणाले, "जोर इथं लागते तिचा. मंग खांदा हाच."

तेव्हापासून दर पोळ्याला जीपचा खांदा मळला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बॉनेटवर पुरणपोळी ठेवली जायची. गावाने पहिल्या वर्षी चेष्टा केली, दुसऱ्या वर्षी एका ट्रॅक्टरवाल्याने गुपचूप येऊन विचारलं की ट्रॅक्टरचा खांदा कोणता धरायचा.

जीप चालवायला मला बाबांनीच शिकवलं, कापूस वेचून झालेल्या मोकळ्या शेतात. तोपर्यंत आमच्या गावात बाईने चालवलेलं सर्वांत मोठं वाहन म्हणजे शिलाई मशीन. जीपमध्ये ॲक्सिलेटर दाबला की कोणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे लोटल्यासारखं वाटायचं. गावाच्या वाटेवर मुरमाचं एक वळण आहे. तिथे मोकळी जीप थोडी जोरात नेली की तिचा मागचा भाग बाहेर सरकायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी ओरडलेच. बाबा शेजारी बसून हसत होते.

"शेपूट हालवते वं माय ते. ज्या बाजूनं शेपूट गेली, त्याच बाजूनं इस्टेरिंग फिरव. भेऊ नको. तिले बी मजा वाटून राह्यली."

मी तसं केलं, आणि जीप सरळ झाली. ते वळण मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा घेतलं, मुरमाची धूळ डोक्यावर बसेपर्यंत. बाबांनी एकदाही डिझेलचं नाव काढलं नाही. मला त्यांच्याकडून आयुष्यात जे काही मिळालं, त्यातलं सगळ्यात आवडतं विचाराल तर मी ते वळण सांगेन.

जीप काही कायमची राहणारी नव्हती. तिच्या कागदांची मुदत संपली, पत्रा सडला, आणि आदिलाबादच्या मिस्त्रीने शेवटी हात जोडले. त्यातच आईचे गुडघे गेले. जीपच्या पायरीवर चढताना ती एवढ्या देवांची नावं घ्यायची की तेवढ्यात बाजार उठायचा. मी तोवर आदिलाबादला शाळेत लागले होते. मी आणि आईने मिळून ठरवलं आणि एक लहानशी पांढरी कार घेतली. बाबांनी नको म्हटलं नाही आणि हवी असंही म्हटलं नाही. दुकानातल्या माणसाने गाणी कशी लावायची, थंड हवा कशी सोडायची, सगळं दाखवलं. ताकद कोणत्या चाकांना आहे हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. कार गावीच ठेवायची, बाबांनी तीच बाजाराला न्यायची आणि मी शनिवारी बसने यायचं असं ठरलं.

त्या वर्षीच्या पोळ्याला बाबा वाटी घेऊन अंगणात आले. कारच्या मागे गेले, गुडघे टेकले, मान खाली घातली. बराच वेळ त्यांची नुसती पाठ दिसत होती. मग हात आत घालून चाचपडले. एक सपाट लोखंडी पट्टी आणि धुराची नळी, याशिवाय तिथे काही नव्हतं.

"काऊन वं," ते म्हणाले, "हिचा खांदा कोठं हाय?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की ही गाडी पुढून ओढते. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. मागे काही नाही.

"म्हंजे जे चाक वळते, तेच वढते?"

"हो."

"हे काही बरोबर नाही. नांगर बी त्यानंच धरायचा आन् बैल बी त्यानंच व्हायचं."

आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "बंडी पुढूनच वढत होते ना तुमचे बैल? का मांगून लोटत होते? मंग गाडी पुढून वढते त यात काय बिघडलं?"

बाबा म्हणाले, "बैलाले डोये असतात. तो पाहून वढते."

आई चहा ठेवायला उठली. बाबा अजून मागच्या चाकाजवळच बसून होते. त्या टायरवर त्यांनी हात ठेवला होता.

"मंग हे मागचे काय करतात?"

"काही नाही बाबा," मी म्हटलं. "पुढची नेतील तिकडे नुसती येतात."

आई दारातून म्हणाली, "माह्यावानी. जलमभर तुमच्या मांगं मांगं."

आम्ही दोघी हसलो. बाबाही हसले, पण त्यांचा हात टायरवरच राहिला. मग ते उठले, पुढे गेले, आणि मी दाखवलं तिथे, पुढच्या चाकाच्या आत, तूप-हळदीचं बोट लावलं. पळसाचं पान आत पोचत नव्हतं.

पुढचे काही दिवस त्यांनी कार चालवली. कशी वाटते विचारलं की म्हणायचे, "चालते." जीपबद्दल विचारलं असतं तर जेवण थंड होईपर्यंत बोलले असते. एकदा एवढंच म्हणाले की वळणावर हिचं नाक सरळच जायला पाहतं आणि शेपूट मेलेली आहे. मी म्हटलं, म्हणूनच तर ती सुरक्षित. ते म्हणाले, "हो, तसंही हाय."

पावसाळा संपत आला होता. बाजाराचा दिवस होता आणि मला सुट्टी होती. शेत आणि गाव यांच्यामध्ये एक नाला आहे, आणि नाल्यातून गावाकडे यायला काळ्या मातीची चढण. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. बाबांनी वांग्यांची पोती डिक्कीत भरली, मी शेजारी बसले. चढणीवर अर्ध्यात कार थांबली. पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि चिखल उडायला लागला. बाबांनी इतकी वर्षं केलं तेच केलं. जीप अशी फसली की मागे वजन वाढवायचं, म्हणजे ताकदीची चाकं जमिनीत दात रोवतात. निंदणाहून परतणाऱ्या दोन बाया चालल्या होत्या. बाबांनी त्यांना हाक मारली.

"मांगं बसा वं जरा. गाडीले वजन पाह्यजे."

त्या बसल्या. कार मागे दबली, नाक आणखी वर उचललं गेलं, आणि पुढची चाकं चिखलावर नुसती नाचायला लागली. बाबांनी मला विचारलं, "आता काऊन?" म्हणजे, आता असं का. त्यांनी मला गाडीबद्दल असं कधीच विचारलं नव्हतं. गाडी म्हणजे त्यांनी मला सांगायचं आणि मी ऐकायचं, असंच आमचं होतं. मी म्हटलं, वजन पुढे हवं. पोती पुढच्या सीटवर घेऊ, गाडी नाल्यात वळवून घेऊ आणि उलटी चढवू. उलटी चढवली की उताराच्या बाजूला पुढची चाकं येतात आणि सगळा भार त्यांच्यावर पडतो.

त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, इतकं छान केलं. पोती शेजारी, मान मागे वळवलेली, एक हात सीटच्या पाठीवर. कार मुकाट्याने वर चढली. पण वरही वाट अरुंद, वळवायला जागा नाही. म्हणून तसंच, उलट्या तोंडाने, त्यांना गावापर्यंत यावं लागलं. मी आणि त्या दोघी बाया मागून चालत होतो आणि त्या हसून हसून बेजार झाल्या होत्या. देवळाच्या पारावर नेहमीची माणसं होती. त्यातला एक म्हणाला, "काऊन भाऊ, आज गाव पाठीनं पाहून राह्यले का?"

बाबाही हसले. अंगणात आल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"ठेव तुह्यापाशी."

मला वाटलं, आजच्यापुरतं. संध्याकाळी चहा पिताना ते आपणहून बोलले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

"जीप फसली का मले समजे, काय करायचं ते. हिच्यात मले जे येते, ते सारं उलटं पडते. आता या वयात मी नवं काय शिकू? तू ने हिले आदिलाबादले."

मी समजावून पाहिलं, आईने चिडवून पाहिलं. ते ऐकेनात. रविवारी मी कार घेऊन निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि बॉनेटवर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारायचे. त्यानंतर भाजी दुसऱ्याच्या टेंपोत जाऊ लागली, बाबा टेंपोवाल्याशेजारी बसून जाऊ लागले, आणि एका वर्षात त्यांनी बाजारच सोडला. गावातला व्यापारी शेतावर येऊन माल नेतो. ते सोयीचं आहे, सगळे तसंच म्हणतात.

मला फार हळहळ वाटते, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नाही. कारने आमचं काही वाईट केलं नाही. ती वेळेवर सुरू होते, आईचे गुडघे सुखात आहेत, डिझेलचा वास नाही, धूळ नाही. दोष द्यावा असं तिच्यात काही सापडत नाही. जीप राहिली असती तरी बाबा कधीतरी थकले असतेच. पण ते थकून थांबले असते. हे थांबणं तसं नव्हतं. त्यांच्या हातापायांना जे इतके पावसाळे ठाऊक होतं, ते एका चढणीवर निकामी ठरलं, आणि मला त्यांचं ते तोंड अजून दिसतं, "आता काऊन?" विचारणारं.

आता दर शनिवारी मी कार घेऊन गावी जाते. रविवारी दोघांना कुठेतरी फिरवून आणते. आई पुढे बसते. "जलमभर मांगं बसली, आता माही पाळी," म्हणते आणि गाणी लावते. बाबा मागे बसतात. मुरमाचं ते वळण आलं की मी ॲक्सिलेटर जरा जास्त दाबते, अजूनही. कार किंचित सरळ जायला पाहते, मग शहाण्यासारखी वळते. मागे काहीही हालत नाही. आरशात बाबा दिसतात, खिडकीबाहेर पाहणारे. त्यांना वळण कळलेलं असतं.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सुट्टी टाकून लवकर पोचले. मधली वर्षं बाबा पुढच्या चाकांना बोट लावून मोकळे व्हायचे, पाहुण्याला कुंकू लावावं तसे. या वेळी आईकडून त्यांनी वाटी मागून घेतली, पळसाचं पान घेतलं, आणि भिंतीला धरत धरत कारच्या मागे गेले. मला वाटलं, विसरले. वयामुळे आता बरंच विसरतात.

मी म्हटलं, "बाबा, तिचा जोर पुढे असतो. मागे काही नाही."

"ठावं हाय मले."

"मग मागच्याला का?"

त्यांनी मागच्या चाकाजवळ बसायला माझा हात धरला. गुडघे वाजले.

"म्हाताऱ्याचे खांदे आधी मळत होतो ना आपण," ते म्हणाले. "पुढच्याले बी मळू मंग."

मागच्या चाकाच्या आत जेवढा हात गेला तेवढा घालून त्यांनी तूप-हळद लावली. सावकाश, पानाने, जशी बैलांना लावायचे तशी. मग टायरजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दारात आई उभी होती. तिच्या तोंडी असल्या वेळेला हमखास काहीतरी असतं. या वेळी तिने नुसता पदर डोक्यावर घेतला. मला रडू आलं ते मी लपवलं नाही, कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवून झाली. आईला म्हटलं, आज तू मागे बस. बाबांसमोर मी किल्ली धरली आणि म्हटलं, "मुरमाच्या वळणापर्यंत तरी चालवा. मी शेजारी बसते."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागचं दार उघडलं, आत बसले, आईला पुढे बसायची खूण केली आणि म्हणाले, "चाल माय. ऊन होईल."